अर्पणपत्रिकेतला माणूस

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याची ‘सिंफॉनिक एट्यूड्स’ ही पियानोकृती १८३७ साली प्रसिद्ध झाली. तिचा कृतिक्रमांक १३. आजही जगभरचे नामवंत पियानोवादक ती वाजवतात. तिच्या अर्पणपत्रिकेत एका इंग्रज तरुणाचे नाव आहे : विल्यम स्टर्नडेल बेनेट. याच बेनेटने १८३६-३७ मध्ये एक पियानो सोनाटा लिहिला. योगायोग असा, की त्याचाही कृतिक्रमांक १३. पहिली कृती अमर झाली. दुसरी कधी मैफलीत ऐकू आलीच, तर तो अपवाद. ज्याला एक थोर कृती अर्पण झाली, त्याची स्वतःची कृती कुठे हरवली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

बेनेटचा जन्म १३ एप्रिल १८१६ रोजी शेफील्डमध्ये झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. तीन वर्षांचा असतानाच तो पोरका झाला आणि केंब्रिजला आजोबांकडे वाढला. आठव्या वर्षी किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनागृहात गाणाऱ्या मुलांत त्याची निवड झाली, तर दहाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळाला. तिथे त्याला सिप्रियानी पॉटर हा शिक्षक लाभला. पॉटर तरुणपणी व्हिएन्नाला जाऊन प्रत्यक्ष बीथोव्हनला भेटून आला होता आणि मोझार्टचा चाहता होता. १८३२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बेनेटने आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो लिहिला. पुढच्या वर्षी लंडनच्या एका मैफलीत फेलिक्स मेंडेल्सोनने तो ऐकला आणि या मुलाला जर्मनीला येण्याचे आमंत्रण दिले. शिष्य म्हणून येऊ का, असे मुलाने विचारले तेव्हा शिष्य म्हणून नव्हे, मित्र म्हणून ये, असे उत्तर मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे.

हे तपशील मुद्दाम सांगितले. कारण ‘बेनेट म्हणजे मेंडेल्सोनची इंग्रजी नक्कल’ असा शिक्का पुढे त्याच्यावर बसला, तो अजून पुसलेला नाही. पण तारखा काय सांगतात? दोघांची भेट होण्यापूर्वीच बेनेटचा कॉन्चेर्टो लिहून झाला होता. किंबहुना तो ऐकूनच मेंडेल्सोन त्याच्याकडे वळला. दोघांत साम्य आहे यात शंका नाही. परंतु त्याचे एक कारण असे, की दोघांचीही मुळे मोझार्टपर्यंत जातात. एका विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोघांपैकी एकाला चोर ठरवण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबर १८३६ मध्ये बेनेट लाइपझिगला पोचला. या वास्तव्याचा खर्च ब्रॉडवुड या पियानो बनवणाऱ्या लंडनच्या पेढीने उचलला होता. तिथे मेंडेल्सोन गेवांडहाउसच्या वाद्यवृंदाचा संचालक होता, तर शुमान आपले संगीतविषयक नियतकालिक चालवत होता. १८३७ च्या आरंभीच त्या नियतकालिकात शुमानने या वीस वर्षांच्या इंग्रजावर मनापासून लिहिले. ‘सिंफॉनिक एट्यूड्स’च्या शेवटच्या भागात त्याने मार्शनरच्या एका ऑपेरातल्या गीताची सुरावट घेतली आहे. तो ऑपेरा स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’वर आधारलेला असून ते गीत इंग्लंडचा गौरव करणारे आहे. इंग्रज मित्राला केलेला हा सुरांतला नमस्कार आहे, असे अभ्यासक मानतात.

याच दिवसांत बेनेटचा एफ मायनरमधला सोनाटा आकाराला आला. मार्च १८३७ मध्ये मेंडेल्सोनचे लग्न झाले आणि बेनेटने हा सोनाटा त्याला आहेर म्हणून अर्पण केला. लग्नाच्या आहेरासाठी ही स्वरपट्टी नवलाचीच म्हणावी लागेल. एफ मायनर म्हटले की बीथोव्हनचा ‘आपासिओनाता’ आठवतो : अस्वस्थ, अंधारलेला, खदखदणारा. बेनेटच्या सोनाटाचे चार भाग आहेत. पहिला भाग दीर्घ आहे. त्यात आवेग आहे, पण आरडाओरडा नाही. दुसऱ्या भागात तगमग वाढते. तिसऱ्या भागाला ‘सेरेनाटा’ असे नाव आहे. रात्री प्रियेच्या खिडकीखाली गायच्या गीताचा हा प्रकार. आहेराला शोभणारा प्रसन्नपणा असेल तर तो इथे, आणि तोही थोडाच वेळ. शेवटचा भाग पुन्हा वेगाने त्याच वादळात शिरतो. केवळ नकला करणारा तरुण आपल्या आदर्शाच्या लग्नात गोड काहीतरी वाजवून मोकळा झाला असता. बेनेटने मित्राला दिले ते स्वतःचे अंतरंग.

मग पुढे काय झाले? १८३७ च्या उन्हाळ्यात तो लंडनला परतला आणि अकॅडमीत शिकवू लागला. १८४४ मध्ये लग्न झाले, संसार वाढला आणि पोटासाठी शिकवण्यांचा रगाडा सुरू झाला. १८५३ मध्ये गेवांडहाउसने संचालकपद देऊ केले, तेही त्याला स्वीकारता आले नाही. नव्या रचना क्वचितच होऊ लागल्या. पुढचा पियानो सोनाटा आला तो तब्बल ३६ वर्षांनी, १८७३ साली. शिलरच्या नाटकावरून त्याचे नाव ‘द मेड ऑफ ऑर्लिन्स’. रानातली मेंढपाळ मुलगी, रणांगण, तुरुंग आणि शेवट, असे त्याचे चार भाग. दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १८७५ रोजी, बेनेट वारला.

‘ऐन उमेदीत गप्प झालेला प्रतिभावंत’ असे म्हणून इतिहासकार इथे सुस्कारा सोडतात. पण त्या गप्प वर्षांच्या जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १८४९ मध्ये बेनेटने लंडनला बाख सोसायटी स्थापन केली. ६ एप्रिल १८५४ रोजी बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ इंग्लंडमध्ये प्रथमच सादर झाले, ते त्याच्याच संचालनाखाली. त्याचे शब्द इंग्रजीत आणले हेलन जॉन्स्टन या तरुणीने. मुलींच्या शिक्षणासाठी नव्याने निघालेल्या क्वीन्स कॉलेजची ती विद्यार्थिनी, आणि बेनेट तिथे शिकवत होता. म्हणजे ज्या शिकवण्यांनी त्याचा सोनाटा खाल्ला, त्यांतूनच इंग्लंडला बाख मिळाला. पुढे अकॅडमीचे सरकारी अनुदान बंद झाले आणि संचालक मंडळ ती बंद करायला निघाले. तेव्हा प्राचार्य बेनेट आपल्या सहकाऱ्यांसह ठाम उभा राहिला. संस्था टिकली आणि ग्लॅडस्टनच्या सरकारने अनुदान पुन्हा सुरू केले. आर्थर सलिव्हन हा त्याचा शिष्य. ती अकॅडमी आजही चालू आहे.

बेनेटला वेस्टमिन्स्टर ॲबीत समाधी मिळाली. राष्ट्राने हा मान दिला तो संगीतकाराला की संस्थाचालकाला, असा प्रश्न मनात येतो. उत्तर बहुधा दुसरेच असावे. संस्था उभ्या करणाऱ्यांचे पुतळे होतात, पण त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवलेली वही कोणी उघडत नाही. म्हणून त्याच्यावर उपकार करायचा नाही, फक्त न्याय करायचा असेल, तर सोपा मार्ग एकच. दोन्ही तेरा क्रमांकाच्या कृती एका बैठकीत ऐकाव्यात, आधी शुमानची, मग बेनेटची. शुमान मोठा, यात वाद नाही. पण त्याने आपली कृती कोणाला आणि का अर्पण केली असेल, हे त्या एफ मायनरमधून आपोआप कळते.