ज्येष्ठांसाठी आरोग्याची खात्रीशीर माहिती कुठे मिळेल?

व्हॉट्सॲपवरचा सल्ला वाचून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. रक्तदाब वाढला तरी अनेकदा काहीच जाणवत नाही. थेट पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

माहिती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि सोबत काही विकायला ठेवले आहे का, हे आधी पाहा. ‘आजार मुळापासून बरा’ असा दावा दिसला तर सावध व्हा.

शंका असल्यास सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. ज्येष्ठांसाठीच्या योजना व मदतीसाठी १४५६७, मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे अशा वेळी मात्र माहिती शोधत बसू नका. लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.