पिंपातलं अनुमान

मागच्या वेळी आपण थर्मामीटरपर्यंत येऊन थांबलो होतो. आज बिअरच्या पिंपात उतरू. हसू नका, ज्ञान कोणाच्या मालकीचं हा प्रश्न तिथंही आहे.

१७६८च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडमधल्या ऑल्टन गावी जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणानं हायड्रोमीटर विकत घेतलं. घरचा धंदा बिअरचा, पण वडिलांना असली थेरं खपत नव्हती. म्हणून पोरगा ते चोरून वापरायचा! लंडनच्या सॅम्युअल व्हिटब्रेडना दाखवलं, तर त्यांनीही त्याला वाटेला लावलं. पुढे १७८४ मध्ये हलच्या जॉन रिचर्डसननं या मोजमापावर पुस्तकच छापलं.

युक्ती साधी आहे. साखर विरघळली की पाणी जड होतं. यीस्टनं साखर खाल्ली की पुन्हा हलकं. घनता १.०५० वरून १.०१० वर आली, की मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास समजायचा.

ज्ञान उघडं ठेवण्याबद्दल आपल्याला कार्ल्सबर्गचे जेकबसन आठवतात. १८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि नियम केला, की तिथला कुठलाही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही. १८८३ मध्ये हान्सेननं शुद्ध यीस्ट वेगळं केलं. जेकबसन आधी साशंक होते. पण पटल्यावर ते यीस्ट प्रतिस्पर्ध्यांनाही देऊन टाकलं. व्यापाऱ्यानं असं करावं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

आता घरगुती बिअरकडे. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली, तेव्हा कुठं ती केंद्रीय कायद्यानं मोकळी झाली. पण हौशी माणसाची अडचण जुनीच. मोजायचं तर झाकण उघडा, नमुना काढा. जंतू शिरायची भीती वेगळीच. नेदरलँड्समधून ब्रूपाय आलं, ते आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय जोडून फ्रिजचं तापमान सांभाळायचं. आणि जर्मनीतून आयस्पिंडल. प्लास्टिकची बंद नळी, आत बॅटरी, कल मोजणारी चिप, तापमानाचा सेन्सर आणि वायफाय. ती द्रवात तिरपी तरंगते. साखर कमी झाली की हळूहळू उभी होत जाते, आणि आकडे फोनवर येतात. आराखडा आणि प्रोग्राम कुणालाही पाहता येतो.

आम्ही न्यायदर्शन शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून आम्हाला इथं गंमत वाटते. नळीला साखर कळतच नाही, कळतो फक्त कोन. डोंगरावर धूर पाहून अग्नी ओळखावा, तसं हे अनुमान. त्याला व्याप्ती लागते. ती हौशी माणूस स्वतः ठरवतो, साखरेची वेगवेगळी पाणी करून, प्रत्येकात कोन टिपून. शिवाय उपाधीही आहे: फेस नळीला चिकटला की कोन खोटं बोलतो. बंद पेटीतल्या यंत्रात ही व्याप्ती कोणी, कशी ठरवली, हे ग्राहकाला दिसत नाही. आकड्यावर विश्वास ठेवायचा, बस्स. ते नैयायिकाला कसं चालेल? इथं सूत्र समोर असतं, चूक सापडली तर दुरुस्तही करता येतं. बॅव्हरस्टॉकचं लपवणं आणि हे उघडं ठेवणं, यांत अडीचशे वर्षं गेली.

आपल्याकडे मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. इडलीच्या पिठाला कायद्याची आडकाठी नाही. पण ते इतकं दाट, की नळी जिथं खोचाल तिथंच रुतून बसेल.