मुकादमाची वही आणि कंपनीचे दप्तर

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला. एवढे काम नुसत्या यंत्रांनी होत नाही. त्यामागे कारभाराची घडी लागते. ती आपल्याकडे कशी बसली, हे पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वालचंद हिराचंद यांनी, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. त्या काळचा ठेका म्हणजे ठेकेदाराची पत, मुकादमाची टोळी आणि उचलीचा हिशेब. बोरघाटाचे बोगदे अशा कारभाराला झेपणारे नव्हते. १९२० साली फाटक-वालचंद पेढी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. बोगद्यांचे काम त्या कंपनीने केले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. कोयनेचे धरण तिनेच बांधले. एका माणसाच्या पतीच्या जागी भागभांडवल, संचालक मंडळ, तपासलेले हिशेब आणि इंजिनियरांची आखणी आली. याचे श्रेय वालचंदांना देताना कामगार चळवळीतील माणसानेही हात आखडता घेऊ नये.

परंतु ही सुधारणा कचेरीतून कामावर उतरताना मुकादमापाशी अडली. सिमेंटच्या पोत्याची नोंद कंपनीच्या दप्तरात, मजुराची मात्र मुकादमाच्या वहीत! उचल त्यानेच द्यावी, हजेरी त्यानेच मांडावी, खाडे त्यानेच धरावे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ याच महामार्गाच्या कामावर तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळून वीसजण दगावले. अशा वेळी मजुराचे नाव कोणाच्या दप्तरात आहे, यावर त्याच्या घरच्यांची भाकर अवलंबून असते.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणी व हजेरीपट सांगितला, बांधकामखर्चावर उपकर बसविला. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा असे. मुकादमाच्या वहीतल्या माणसाला तो कोणी द्यावा? संघटनेच्या कामात आम्हांला हीच अडचण वारंवार आली.

श्रोत्यांपैकी पुष्कळजण घर बांधतात, बांधवून घेतात. ठेकेदाराला सिमेंटचा हिशेब आपण विचारतोच. त्याच बैठकीत मजुरांचा हजेरीपटही मागावा.