मनोरमेची आई

झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत दोन भावंडे वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणीत, त्यांत निजत आणि डोके तेवढे उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेत. अंगावर घालायला पांघरूण नव्हते, वर छप्पर नव्हते. त्यांतील भाऊ श्रीनिवास आणि बहीण रमाबाई डोंगरे. पुढे सारे जग जिला ‘पंडिता’ म्हणून ओळखू लागले, तिची ही सुरुवात होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीला. पैसा सरला तेव्हा हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने वडील नेले, पाठोपाठ आई नेली. आईचे प्रेत उचलायला चौथा खांदेकरी मिळेना. उंचीने ठेंगण्या असलेल्या रमाबाईंनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेऊन तीन मैलांवरचे स्मशान गाठले.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षही न भरलेली मुलगी, आणि हक्काचे म्हणावे असे घर कोठेच नाही!

वाचकहो, येथून पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. रमाबाईंनी आसरा घेतला, पण लाचारी पत्करली नाही. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी विलायतेच्या प्रवासखर्चाची तजवीज केली. १८८३ मध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या लेकीसह राहिल्या, त्या हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकविण्याच्या बोलीवर. तेथेच त्याच वर्षी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

याच मठात त्यांच्या निर्धाराची खरी कसोटी लागली. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात तीव्र मतभेद झाले. सिस्टर प्रेमळ होत्या आणि त्यांचे उपकारही मोठे होते. तरीही आपल्या लेकराला काय शिकवावे, हा आईचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. ज्याच्या छपराखाली आपण राहतो, त्याच्याशी असे बोलायला केवढे धैर्य लागत असेल!

पुढे अमेरिकेत त्यांनी निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या तरुण विधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. सल्लागार मंडळातील मान्यवरही दूर झाले. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगावी ‘मुक्ती’ उभे राहिले. भूक कशी असते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

मनोरमेने आईच्या कामाची धुरा वाहिली. १९२१ साली ती निवर्तली, आणि एप्रिल १९२२ मध्ये आईही तिच्यामागून गेली.

आपल्या धर्मग्रामातही एखादी परित्यक्ता लेकराला घेऊन दारी येते. आपण तिला धान्य देतो, फी भरतो. आणि कळत-नकळत तिच्या लेकराचे भवितव्यही आपणच ठरवू लागतो. धर्मगुरू म्हणून ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. रमाबाईंचे चरित्र वाचताना मला त्याची लाज वाटली. छप्पर देणाऱ्याने आईच्या जागी बसू नये. तिला काम द्यावे, मान द्यावा, आणि लेकराचा हात तिच्याच हाती राहू द्यावा.