मनगटावरचा कारकून

आमच्या दोंडाईच्याचे समुद्राशी नाते एवढेच की, गावच्या अमरावती नदीचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी सागरात विलीन होते. एरवी येथील सारा व्यवहार मिरचीच्या बाजाराभोवती फिरणारा. खोली म्हणायची ती विहिरीची, आणि तीही परसांत मोजायची. अशा गावात माझा पुतण्या तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाचे शिक्षण घेऊन परतला आणि "काका, आता स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" असे विचारू लागला, तेव्हा आडतीच्या ओट्यावर बसलेल्या मापाड्याने मोबाइलवरचे चित्र निरखून "हाई काय शे भो?" असा जो प्रश्न केला, तो मला अधिक मूलगामी वाटला. वस्तू दिसते घड्याळासारखी, पण तो वस्तुतः मनगटावर बसविलेला कारकून आहे. आणि कारकून नेमण्यापूर्वी त्याचे दफ्तर कोणत्या कचेरीतून आले हे पाहून घ्यावे, अशी माझी जुनी समजूत आहे.

पाण्यात दहा मीटर उतरले की शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि श्वासातील नत्रवायू रक्तमांसात अधिकाधिक विरघळू लागतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसे त्याच वायूचे बुडबुडे अंगात सुटतात. ब्रुकलिनच्या पुलाचा पाया घालताना दाबाच्या पेटीत काम करणाऱ्या मजुरांचे सांधे याच विकाराने धरले, आणि मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग अंथरुणाला खिळून खिडकीतून पुलाकडे पाहत राहिला. दोष नत्रवायूचा, हे १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. रोगाचे कारण कळले. किती सावकाश वर यावे याचा हिशेब मात्र अद्याप कोणी मांडला नव्हता.

तो मांडला जॉन स्कॉट हाल्डेन याने, आणि मांडला शेळ्यांवर. ब्रिटिश आरमाराच्या कामासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पोलादी कोठीत शेळ्या कोंडून दाब चढविला आणि निरनिराळ्या गतीने उतरविला. शेळीला बोलता येत नाही, परंतु सांध्यात कळ आली की ती पुढचा पाय उचलून धरते, आणि तेवढ्या साक्षीवर हा ज्ञानव्यवहार चालला. दाब एकदम निम्म्यावर आणला तरी शेळी सहसा धडधाकट राहते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने शरीराचे पाच काल्पनिक भाग पाडले, प्रत्येकाला वायू अर्धा भरण्याचा काळ ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंत ठरवून दिला, आणि १९०८ मध्ये पाणबुड्यांसाठी कोष्टके प्रसिद्ध केली.

आमच्याकडे ज्याने आणेवारी भोगली आहे, त्याला ही पद्धत नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. गावातील मोजक्या तुकड्यांवर पीक कापून पाहायचे आणि त्यावरून साऱ्या गावाचे पीक इतके आणे म्हणून दफ्तरात नोंदवायचे. तुमच्या बांधावर काय उगवले हे कारकुनाने पाहिलेले नसते. हाल्डेनचे पाच भाग असेच. पाच मिनिटांचा भाग पाच मिनिटांत अर्धा भरतो, दहा मिनिटांत पाऊण, पंधराव्या मिनिटाला सोळा आण्यांतले चौदा आणे. आणि हे भागच मुळी कोणत्याही देहात जागा दाखवून देता येत नाहीत, ती गणिताची सोय आहे.

या सोयीला यंत्रात घालण्याचा खटाटोप १९५९ मध्ये इटलीत झाला. एस.ओ.एस. नावाच्या त्या मापकात वायूची एक पिशवी असे. खोलीवर ती दाबली जाऊन वायू सच्छिद्र चिनीमातीतून हळूहळू पलीकडे झिरपे आणि काटा तांबड्या रेघेकडे सरके. कल्पना विलक्षण सुंदर. परंतु त्यात जेमतेम एकाच भागाचा हिशेब होई, शिवाय दोन यंत्रांचे एकमत होईलच अशी शाश्वती नसे, म्हणून पाणबुड्यांनी त्याला, 'बेंड्स' या त्या विकाराच्या इंग्रजी नावावरून, 'बेंडोमॅटिक' हे कुचेष्टेचे नाव दिले. इलेक्ट्रॉनिक युग खऱ्या अर्थाने १९८३ साली उजाडले: अमेरिकेत ओर्का कंपनीचे 'एज' आले, ज्याच्या पडद्यावर बारा भागांचे स्तंभ वाढताना दिसत, आणि युरोपात 'डेकोब्रेन'. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी भागांची संख्या सोळावर नेली, आणि आजच्या पुष्कळ यंत्रांत तेच गणित चालते. भाग सोळा आणि आणेही सोळा, हा निव्वळ योगायोग.

तेव्हा पुतण्याला मी सांगितले ते एवढेच: रंगीत पडदा आणि सिलिंडरचा दाब मनगटावर दाखविणारी बिनतारी करामत पहिल्या खरेदीत नसली तरी चालेल; आकडे मोठे असावेत, गढूळ पाण्यात वाचता यावेत; बॅटरी शक्यतो घरच्या घरी बदलता यावी; नायट्रॉक्सचा, म्हणजे प्राणवायू वाढविलेल्या हवेचा, हिशेब ठेवता यावा; आणि हिशेब अधिक सावध करण्याची सोय अवश्य असावी, कारण वय, थकवा, पाण्याचा गारठा यांची आणेवारी बहुतेक यंत्रे आपण होऊन लावीत नाहीत. सोबत्याच्या यंत्रावर तर कधीच विसंबू नये. दुसऱ्याच्या खात्यावर आपले कर्ज नोंदत नसतात.

यंत्र आले. समुद्र दूर, हौस अनावर. म्हणून पुतण्याने ते पोहऱ्यात ठेवले आणि मळ्यातल्या विहिरीत दोर सोडला. पाच मिनिटांनी पोहरा वर ओढला तो पडद्यावर कमाल खोली ६.८ मीटर, निमज्जनाचा काळ, पाण्याचे तापमान, सारे बिनचूक नोंदलेले. आणि खाली विमानाचे लहानसे चित्र काढून १२ तास उड्डाण करू नये, अशी पोहऱ्याला सक्त ताकीद. मापाडी पोट धरून हसला. पुतण्या मात्र बराच वेळ पडदा न्याहाळीत राहिला, आणि मग त्याने सावधपणाची मात्रा एका अंशाने वाढविली.