पंचनाम्यातला आकडा

२०१४ची जालना विधानसभेची निवडणूक २९६ मतांनी ठरली. वाद होता तो उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला की काय याचा. उत्तर निवडणूक कार्यालयाच्याच व्हिडिओत होतं. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारं प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं: प्रमाणपत्र सक्तीचंच, सगळे प्रयत्न करूनही मिळालं नाही, तरच सूट.

पोलिसांच्या डिजिटल पुराव्यालाही हाच नियम. मी सॉफ्टवेअर लिहितो. मला त्यात खटकायचं ते एवढंच, की कायदा सही मागत होता, हॅश नाही. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक बिट बदलला, की आकडा बदलतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्रावर हॅश लिहावा लागतो.

पण हॅश हमी देतो ती तो काढल्यानंतरची. फोन सोमवारी जप्त झाला आणि हॅश शुक्रवारी निघाला, तर मधले चार दिवस फक्त पोलिसांच्या शब्दावर. म्हणून हॅश पंचांसमोर निघायला हवा, नाहीतर फोन तोवर सीलबंद हवा. एखाद्याची सुटका किंवा शिक्षा त्या चार दिवसांवर ठरू शकते.