बिझसेफ

सिंगापूरमध्ये २००७ पासून चालू असलेली, कंपन्यांची सुरक्षाविषयक तयारी जोखून पातळी ठरवणारी योजना. कायद्याने ती सक्तीची नाही. मात्र अनेक सरकारी निविदांमध्ये किमान तिसरी पातळी मागितलेली असते. सरकारी काम हवे असलेल्या ट्रक-लॉरीच्या कंत्राटदाराला ही ऐच्छिक योजना मग टाळता येत नाही.

योजनेमागे २००४ सालचे तीन अपघात आहेत. २० एप्रिलला निकोल हायवेलगत मेट्रोचे खोदकाम कोसळून चौघे दगावले. त्याच महिन्यात फ्यूजनोपोलिसच्या बांधकामावर दोघे, आणि मे महिन्यात गोदीतल्या जहाजाला आग लागून सातजण. १ मार्च २००६ ला नवा सुरक्षा कायदा आला, आणि धोक्यांचे मूल्यमापन मालकाची जबाबदारी ठरले.

पातळ्या पाच. पहिलीसाठी कंपनीच्या प्रमुखाला स्वतः प्रशिक्षणाला बसावे लागते. मालकालाच वर्गात बसवणे हा योजनेतला सर्वांत शहाणा भाग. दुसरीत एक कर्मचारी जोखीम व्यवस्थापन शिकतो. तिसरीत बाहेरचा मान्यताप्राप्त लेखापरीक्षक येऊन तपासणी करतो. हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. चौथीत एका कर्मचाऱ्याने सुरक्षा व्यवस्थापनाची पद्धत बसवायला शिकायचे आणि शेवटच्या ‘स्टार’साठी आयएसओ ४५००१ सारखे मानांकन मिळवायचे.

हौगांगमधल्या डेफू औद्योगिक वसाहतीत वाहनदुरुस्तीची गॅरेजे आहेत. अशा गॅरेजात धोक्यांचे मूल्यमापन म्हणजे प्रत्येक कामातला धोका लिहून काढणे : डिझेलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग करताना आत उरलेल्या वाफेचा स्फोट, नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली शिरणे, मागे येणाऱ्या लॉरीच्या आड माणूस असणे. उपायांचा क्रमही ठरलेला. आधी धोकाच काढून टाका, जमत नसेल तर यंत्राने अडवा. हेल्मेट-हातमोजे सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात सल्लागाराकडून तयार फाइल घेऊन काम भागवण्याचा मोह मोठा असतो, आणि फाइल कितीही सुबक असली तरी ट्रकखाली ठोकळा ती लावत नाही.

गाडीची यांत्रिक तपासणी वेगळी. ती भू-वाहतूक प्राधिकरणाच्या नियमांनुसार होते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून सरकारी बांधकामांच्या निविदांत सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल २५ किंवा अधिक दोषगुण साठलेल्या कंत्राटदाराला तात्पुरते बाद केले जाते, मग हाती प्रमाणपत्र कुठलेही असो.

एक उणीव मात्र या योजनेने भरून निघत नाही. छत आणि उंच कठडे असले, की लॉरीच्या हौद्यात कामगार बसवून नेणे सिंगापूरमध्ये कायदेशीरच आहे.